लग्नाची चित्रे आणि खर्चाची मर्यादा

स्वारगेटहून सातारा रस्त्याने कात्रजच्या चौकाकडे यावे आणि तेथून कोंढव्याकडे किंवा आंबेगावाकडे वळावे, तर रस्त्याच्या कडेने मंगल कार्यालये आणि लॉन्स यांची जी मालिका लागते, तिच्या प्रवेशद्वारांवर तुळशीविवाहानंतरच्या पहिल्या मुहूर्तापासून आषाढी एकादशीच्या आगेमागेपर्यंत वधूवरांची नवनवी नावे फुलांत आणि दिव्यांत लिहिलेली दिसतात. या कार्यांचे यजमान बहुधा मध्यम प्राप्तीचे गृहस्थ असतात. कोणी दत्तनगर, संतोषनगर, सुखसागरनगर अशा वस्त्यांत सदनिका घेऊन तिचे हप्ते फेडीत असलेला, कोणी सातारा-सोलापूरकडून येऊन एका पिढीत येथे स्थिरावलेला. त्यांनी केलेले लग्नाचे अंदाजपत्रक आपण पाहिले, तर कार्यालयाचे भाडे, जेवणाचे ताट, सोने, कपडे आणि मानपान या सर्व रकमांमागे घरातल्या वडीलधाऱ्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव उभा असल्याचे जाणवते. पंगतीला किती बासुंदी लागेल हे सांगणारी आत्या प्रत्येक घरात असते, पण फोटो आणि व्हिडिओ या सदराखाली मांडलेली रक्कम कशाची आहे, हे सांगू शकणारे माणूस त्या घरात सहसा नसते. त्यामुळे हे एकच कलम असे राहते की जे सर्वांत शेवटी, सर्वांत घाईने आणि फोटोवाल्याने पुढे केलेल्या छापील दरपत्रकावर विसंबून ठरवले जाते. आणि जेवण झाल्यावर, मांडव उतरल्यावर, कपडे कपाटात गेल्यावर त्या दिवसाचे जे काही हाती उरते, ते नेमके याच कलमातून उरते. मर्यादित खर्चात ही चित्रे चांगली कशी मिळवावीत, हा प्रश्न म्हणूनच सविस्तर विचार करण्याजोगा आहे.

या प्रश्नाचे मूळ समजून घ्यायचे, तर छायाचित्रणाचा खर्च पूर्वी कशावर होत असे आणि आज कशावर होतो, हे पाहिले पाहिजे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्या काळी काचेच्या पट्टीवर प्रतिमा उमटवण्याची ही विद्या संस्थानिकांच्या, सरकारी अधिकाऱ्यांच्या आणि थोड्या हौशी विद्वानांच्याच आवाक्यातली होती. पुढे शहरोशहरी स्टुडिओ निघाले, तेव्हा मध्यमवर्गीय वधूवर लग्नानंतर एखाद्या दिवशी तेथे जाऊन, रंगवलेल्या पडद्यापुढे, एक खुर्चीत आणि एक शेजारी उभे, असे एकच चित्र काढवून घेत, आणि ते चौकटीत बसून घराच्या भिंतीवर जन्मभर राही. १९६० साली उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढे काही वर्षांनी देशी फिल्म बाजारात येऊ लागली, त्या सुमारास छायाचित्रकार मांडवात येऊ लागला होता. परंतु त्याच्या चौकोनी चित्रांच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच चित्रे मावत असल्याने, आणि प्रत्येक चित्रामागे फिल्म, रसायन व कागद यांचा रोकडा खर्च असल्याने, कोणता क्षण टिपावयाचा आणि कोणता सोडावयाचा याचा निर्णय त्याला कळ दाबण्यापूर्वी करावा लागे. पुढे पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर छत्तीस चित्रे आली, रंग आला, १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर रंगीत दूरदर्शन घरोघर शिरले आणि त्यामागोमाग तीन तासांची व्हिडिओ कॅसेट आली, जिच्यासाठी मांडवात हॅलोजनचे प्रखर दिवे घेऊन एक पोऱ्या व्हिडिओवाल्यामागे धावत असे.

अंकीय कॅमेऱ्याने ही सारी व्यवस्था उलटी केली. आज एक चित्र अधिक काढण्याला जवळजवळ काहीच पडत नाही. खर्च पडतो तो माणसाच्या वेळाचा. कार्यालयात घालवलेले तास, नंतर दोन-तीन हजार चित्रांतून निवड करण्याचे तास, रंग दुरुस्त करण्याचे आणि व्हिडिओ जुळवण्याचे तास, हेच आजच्या बिलाचे खरे घटक होत. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की किती फोटो देणार, अल्बमची पाने किती, ड्रोन आहे का, अशा प्रश्नांवर जी घासाघीस चालते ती किती निष्फळ असते हे उमगते. वेळ कोठे घालवावयाचा आणि कोठे वाचवावयाचा हे यजमानाने ठरवले, तर खर्च निम्म्यावर येऊनही चित्रांचा कस उतरत नाही. ते न ठरवता दर पाडून घेतला, तर छायाचित्रकार तो तोटा निवडीच्या आणि जुळवणीच्या कामात भरून काढतो, म्हणजे ते काम एखाद्या नवशिक्याकडे सोपवतो, आणि यजमानाला आपण काय गमावले हे कळतही नाही.

मराठी लग्नात तासांची उधळपट्टी होण्याला अवसर मोठा असतो. साखरपुडा, हळद, आदल्या संध्याकाळचे सीमांतपूजन, लग्नाचा दिवस आणि स्वागतसमारंभ यांपैकी प्रत्येकाचा दिवसाचा आणि माणसागणिक असा दर आकारला जातो. यांतील हळदीला घरातली, ओळखीची, मोकळी माणसे असतात. त्या प्रसंगी घरातल्याच एखाद्या चांगला हात असलेल्या मुलामुलीने काढलेली चित्रे परक्या माणसाने काढलेल्या चित्रांहून पुष्कळदा अधिक जिवंत उतरतात, कारण त्याच्यापुढे कोणी सावरून बसत नाही. स्वागतसमारंभाची गोष्ट याहून निराळी. तेथे व्यासपीठावर रांग लागते, प्रत्येक कुटुंब चढते, पाकीट देते, कॅमेऱ्याकडे पाहते आणि उतरते; साऱ्या लग्नातली सर्वांत अधिक चित्रे येथे निघतात आणि सर्वांत कमी वेळा पाहिली जातात. या रांगेचे दस्तऐवज म्हणून महत्त्व आहे, आणि आलेल्या माणसाचा मान राखण्यासाठी ती चित्रे काढलीच पाहिजेत, हे मला मान्य आहे. परंतु त्यासाठी तिकाटण्यावर स्थिर ठेवलेला एक कॅमेरा आणि एक सहायक पुरे होतो, त्या कामी मुख्य छायाचित्रकाराचे तीन तास खर्ची घालण्याचे कारण नाही.

याउलट विधींचे तीन-चार तास हे असे आहेत की तेथे एक पैचीही काटकसर करू नये. गौरीहरापाशी बसलेली वधू, मामाने तिला मांडवात आणण्याचा क्षण, अंतरपाटाच्या दोन बाजू, मंगलाष्टकांच्या अखेरीस अक्षता पडत असताना आईबापांचे चेहरे, कन्यादान, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी, सूनमुख आणि शेवटी पाठवणी, यांतले काहीही दुसऱ्यांदा करून दाखवता येत नाही, आणि अंतरपाट दूर होण्याचा क्षण तर एकाच वेळी दोन दिशांनी पाहावयाचा असतो, कारण वराचे मुख आणि वधूचे मुख एका कॅमेऱ्याला एका क्षणी समोरून दिसूच शकत नाहीत. म्हणून माझे स्पष्ट मत असे की दिवसभरासाठी एक माणूस घेण्याऐवजी किंवा पाच समारंभांसाठी दोन माणसे घेण्याऐवजी, विधींच्या चार तासांसाठी दोन चांगली माणसे घ्यावीत, आणि बाकीच्या वेळी एकानेही भागवावे.

आता प्रकाशाचा विचार करू, कारण स्वस्त चित्र आणि चांगले चित्र यांतले अंतर कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा प्रकाशाने अधिक ठरते, आणि प्रकाश हा पंचांगातून व मांडवातून, म्हणजे यजमानाच्याच निर्णयांतून, येत असतो. पुण्यात मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, इतका की उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. आणि घड्याळाप्रमाणे ही वेळ साडेबाराच्या आसपास असते, म्हणजे वैशाखातले पुष्कळ मुहूर्त ज्या घटकेला धरले जातात तीच. अशा वेळी उघड्या लॉनवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरा डाग दिसतो, मुंडावळ्यांची सावली गालावर पडते, आणि कितीही किमती यंत्र आणले तरी हा दोष पुरता जात नाही. त्याला उपाय एकच, बोहल्यावर कापडाचे छत घालणे; आणि ते छत पांढरे किंवा साईच्या रंगाचे असावे असे मांडववाल्याला आधी सांगणे. रंगीत छताखालून गाळून आलेला प्रकाश चेहऱ्यावर गुलाबी किंवा पिवळी झाक टाकतो आणि वधूच्या शालूचा खरा रंग कायमचा नाहीसा होतो. पांढऱ्या कापडाला रंगीताहून वेगळे मोल द्यावे लागत नाही. या एका सूचनेने जे साधते ते पुढे संगणकावर बसून अनेक तासांतही साधत नाही.

गोरज मुहूर्ताचे गणित वेगळे. मार्गशीर्षात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, वैशाखात सातच्या. आणि कात्रजच्या दक्षिणेला घाटाची व पश्चिमेकडे सिंहगडाकडे जाणारी डोंगराची रांग असल्याने हिवाळ्यात या भागातून प्रत्यक्ष ऊन पंचांगातल्या वेळेच्या थोडे आधीच निघून जाते. म्हणून गोरज मुहूर्ताच्या लग्नात घरच्या मंडळींची एकत्र चित्रे मुहूर्तापूर्वी तासभर काढून घ्यावीत. त्या वेळचा तिरपा, मऊ प्रकाश विनामूल्य असतो. बंदिस्त सभागृहात छायाचित्रकार छताकडे झोत फेकून परावर्तित प्रकाशात चित्रे काढतो, पण छत उंच, काळे किंवा रंगीत असेल, अथवा रात्रीच्या लॉनवर छतच नसेल, तर ही युक्ती लागू पडत नाही, आणि मग स्टँडवरचे दोन दिवे मागवावेच लागतात. ते भाडे ड्रोनच्या भाड्याहून शतपटीने अधिक उपयोगी आहे. आणखी एक बारीक गोष्ट: आपल्याकडच्या विजेची आवर्तने सेकंदाला पन्नास असल्याने ट्यूबलाइट व पुष्कळसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात, आणि कॅमेऱ्याच्या पडद्याचा (शटरचा) वेग त्याच्याशी न जुळल्यास व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. पडद्याचा वेग सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवला की हा दोष बहुतांशी टळतो. घरच्या मुलाने फोनवर चित्रण करावयाचे असेल तर त्यालाही हे सांगून ठेवावे. व्यासपीठामागे उभारलेल्या प्रकाशमान एलईडी भिंतीचा मोह मात्र टाळावा, कारण ती वधूवरांपेक्षा तेजस्वी असते आणि तिच्यापुढे चेहरे काळवंडतात.

माणूस कोणता निवडावा, हा पुढचा प्रश्न. या धंद्यात सध्या दोन शाखा मानल्या जातात: ट्रॅडिशनल आणि कँडिड. पहिलीला जुनी, दुसरीला नवी समजून पहिलीकडे थोड्या तुच्छतेने पाहण्याची रीत पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. वीस-पंचवीस वर्षे कार्यालयांतून वावरलेल्या छायाचित्रकाराला भटजींचा पुढचा विधी कोणता, कानपिळीला वधूचा भाऊ कोणत्या बाजूने येणार, होमाचा धूर कोठे जाईल, हे पाठ असते, आणि तो त्या जागी आधीच जाऊन उभा असतो. नव्या दृष्टीचा, पण विधींशी अपरिचित असा माणूस सुंदर प्रकाशाच्या शोधात फिरत असताना मंगळसूत्र बांधून झालेले असते. उलट, ट्रॅडिशनल म्हणवणारा पुष्कळदा प्रत्येक विधी मध्येच थांबवून सर्वांना कॅमेऱ्याकडे पाहावयास लावतो, आणि त्या चित्रांत विधी दिसतो पण माणसे दिसत नाहीत. मर्यादित खर्चात उत्तम जोड अशी की विधी जाणणारा एक अनुभवी माणूस मुख्य असावा आणि त्याच्या जोडीला केवळ त्या चार तासांसाठी एक तरुण कँडिड छायाचित्रकार असावा, आणि विधी कोणाच्याही सोयीसाठी थांबवावयाचा नाही हे दोघांनाही आधी सांगितलेले असावे.

असा तरुण मिळण्याच्या दृष्टीने कात्रजची जागा भाग्याची आहे. शेजारच्या धनकवडीत भारती विद्यापीठाच्या परिसरात छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण मिळते. प्रभात कंपनीच्या जुन्या जागेत १९६० साली निघालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमुळे पुणे शहरात चित्रणाची विद्या शिकलेल्यांचा राबता आहेच. शिकून नुकतेच बाहेर पडलेले हे तरुण नामांकित मंडळींच्या मानाने पुष्कळ कमी दरात काम करतात. त्यांना पडता दर द्यावा असे मात्र मी सुचवीत नाही. उलट ठरलेली रक्कम वेळेवर द्यावी, पंगतीत सन्मानाने जेवू घालावे, आणि त्यांच्यापाशी बिघाड झाल्यास वापरावयाचा दुसरा कॅमेरा व एका वेळी दोन कार्डांवर नोंद करण्याची सोय आहे की नाही एवढे आधी पाहावे. जवळचा माणूस निवडण्यात आणखीही लाभ आहे. लग्नसराईच्या संध्याकाळी कात्रज चौकातली वाहनांची कोंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाहून येणारा छायाचित्रकार सीमांतपूजनाला का पोहोचला नाही हे निराळे सांगावयास नको.

माणूस पारखण्याची रीतही आपण बदलली पाहिजे. इन्स्टाग्रामवरची निवडक वीस चित्रे पाहून ठरवणे म्हणजे वर्षभरातले वीस उत्तम क्षण पाहणे होय. त्यावरून सामान्य क्षणाची कल्पना येत नाही. त्याऐवजी आपल्याच कार्यालयात किंवा त्यासारख्या ठिकाणी, आपल्याच मुहूर्ताच्या वेळेला झालेल्या एका संपूर्ण लग्नाची सर्व चित्रे, निवड न करता, त्या कुटुंबाची परवानगी घेऊन दाखवा, असे म्हणावे. आणि एक प्रश्न निश्चित विचारावा: प्रत्यक्ष येणार कोण? ऐन मोसमात एकाच मुहूर्तावर तीन-तीन ऑर्डर घेतल्या जातात, काम दाखवलेले एकाचे असते आणि कॅमेरा घेऊन येतो दुसराच. येणाऱ्याचे नाव करारात लिहून घ्यावे.

परंतु कितीही निष्णात माणूस आणला, तरी त्याला एक गोष्ट ठाऊक असणे शक्य नाही, आणि ती म्हणजे या शेकडो माणसांत आपले कोण. नव्वदीच्या घरातली, कदाचित शेवटचेच कार्य पाहणारी आजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून असते. गावाहून रात्रीच्या एसटीने आलेला, वधूच्या वडिलांना ज्याने शिकवले असा चुलता पंगत उठताच परतीला निघतो. जिने वधूला लहानपणी सांभाळले ती शेजारीण व्यासपीठावर चढण्यास संकोचते. छायाचित्रकार त्यांना ओळखत नाही, म्हणून तो उत्तम वेशातल्या आणि हसऱ्या चेहऱ्यांमागे जातो, आणि वर्षे लोटल्यावर अल्बम उघडला की जी माणसे आता भेटणार नाहीत नेमकी तीच त्यात नसतात. माझ्या समजुतीने लग्नाच्या चित्रांत झालेली सर्वांत मोठी आणि सर्वांत भरून न येणारी हानी हीच होय, आणि ती टाळण्याला एक कागद पुरतो. आठ दिवस आधी दोन्ही घरच्यांनी मिळून पंचवीस-तीस नावांची यादी करावी, ती छायाचित्रकाराला द्यावी, आणि सर्वांना ओळखणारा एखादा मावसभाऊ किंवा चुलतबहीण त्याच्यासोबत दिवसभर नेमून द्यावी. कुटुंबाची एकत्र चित्रे मुहूर्ताच्या आधी, वृद्धांना प्रथम बसवून, वीस मिनिटांत उरकावीत. जेवणानंतर ती माणसे एकत्र सापडत नाहीत.

व्हिडिओच्या बाबतीत आज सिनेमॅटिक, हायलाइट, टीझर अशा अनेक प्रकारांची दरपत्रके पुढे येतात. चार-पाच मिनिटांची ही संगीतमय फीत पाहण्यास रम्य असते याबद्दल वाद नाही, परंतु तिची जुळवणी हे साऱ्या कामातले सर्वांत वेळखाऊ व म्हणून सर्वांत महाग अंग आहे, आणि तीत लग्नाचा आवाज बहुधा नसतो. ज्याला खर्च आवरावयाचा आहे त्याने विधींची अखंड, न कापलेली फीत घ्यावी: एक कॅमेरा तिकाटण्यावर, सतत चालू. तिचे संपादन जवळजवळ नसल्याने ती स्वस्त पडते, आणि पुढे केव्हाही ऐपत झाली की तीतून छोटी फीत करून घेता येते. छोट्या फितीतून मोठी मात्र कधीही काढता येत नाही. आवाजाकडे तर बहुतेक सर्वांचेच दुर्लक्ष होते. कॅमेऱ्यावरचा मायक्रोफोन पंख्याची घरघर आणि पाहुण्यांच्या गप्पा टिपतो, भटजींचे मंत्र आणि मावशीने स्वतः रचून म्हटलेले मंगलाष्टक टिपत नाही. वराच्या उपरण्याला लावलेला एक छोटा कॉलर माइक, किंवा ध्वनिक्षेपकवाल्याच्या यंत्रातून थेट घेतलेली नोंद, एवढ्याने हे काम होते, आणि आईचा, आजोबांचा त्या दिवशीचा आवाज घरात राहतो. पार्श्वसंगीताबद्दल एक सावधगिरीची सूचना: विवाहसमारंभात ध्वनिमुद्रित गाणी वाजवण्यास १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, परंतु तीच गाणी घालून केलेली फीत इंटरनेटवर चढवणे हे त्या सवलतीत येईल असे गृहीत धरू नये, अशा फिती अडवल्या जातात.

पाहुण्यांच्या हातातल्या फोनविषयीही लिहिले पाहिजे. अंतरपाट दूर होताना चहूकडून पुढे आलेले पन्नास हात हे आजच्या लग्नचित्रांतले कायमचे विघ्न झाले आहे. मुहूर्तापूर्वी भटजींनी किंवा घरातल्या वडील माणसाने ध्वनिक्षेपकावरून, मंगलाष्टके संपेपर्यंत कृपया जागेवर राहावे, अशी विनंती केली तर मंडळी ऐकतात. पण हेच फोन इतर वेळी मोठे धन आहेत. त्यांतली चित्रे गोळा करावीत, मात्र व्हॉट्सअपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेले चित्र आकुंचित होऊन येते आणि छापताना फुटते, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून किंवा थेट प्रत करून घ्यावे. २०२० साली टाळेबंदीत लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती, तेव्हा एका फोनवरून थेट प्रक्षेपण करण्याची रीत घरोघर रुळली. ती आजही बिनखर्चाची आहे. न्यू जर्सीतल्या भावाला वैशाखातला साडेबाराचा मुहूर्त पाहण्यासाठी पहाटे तीनला उठावे लागते, तेव्हा फोन स्थिर स्टँडवर असावा आणि इंटरनेटची आदल्या दिवशी त्याच जागी चाचणी घेतलेली असावी, एवढी त्याची कदर अवश्य करावी.

काय वगळावे, याबद्दल मला फारसा संदेह नाही. प्रथम ड्रोन. वरून दिसतात ती मांडवाची कापडे आणि माणसांची डोकी. शिवाय २०२१च्या ड्रोन नियमांनुसार उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर जागेचा विभाग पाहणे, यंत्राची नोंद असणे आणि पैसे घेऊन उडवण्यास, यंत्र अडीचशे ग्रॅमच्या आतले नसेल तर, चालकाकडे प्रमाणपत्र असणे आवश्यक आहे, आणि हे सर्व तपासणारा यजमान विरळा. कात्रजला तलावालगत प्राणिसंग्रहालय आहे, हेही विसरू नये. त्यानंतर प्री-वेडिंग. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी ज्या कात्रज तलावाचे पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत नेले, त्याच्या काठी किंवा जुन्या घाटाच्या वळणावर उभे राहून चित्रे काढवण्याची तरुणांची हौस समजण्यासारखी आहे. पण तिच्यासाठी स्वतंत्र दिवस, भाड्याचे कपडे आणि स्वतंत्र रक्कम यांची गरज नाही. लग्नाच्या दिवशी विधी आटोपल्यावर, जेवणापूर्वी, अर्धा तास दोघांना मोकळे ठेवले तर खऱ्या शालूत आणि खऱ्या आनंदात तीच चित्रे निघतात.

व्यवहाराचा भाग थोडक्यात सांगतो. तोंडी बोलीवर बयाणा देऊ नये. एका पानाचा करारनामा करावा, त्यात येणाऱ्यांची नावे, तास, द्यावयाच्या वस्तू, मुदत आणि वस्तू व सेवा कर दरात धरला आहे की निराळा, हे लिहावे. अठरा टक्क्यांची ही रक्कम शेवटी अंगावर येते. रक्कम तीन हप्त्यांत द्यावी आणि शेवटचा हप्ता सर्व चित्रे व फिती मूळ स्वरूपात हाती आल्यावर द्यावा. कायद्याचे एक कलम थोड्यांनाच ठाऊक असते: मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा व चित्रफितीचा पहिला कॉपीराइट, उलट करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याकडे राहतो, छायाचित्रकाराकडे नव्हे. म्हणून छापील करारात याउलट ओळ आहे काय ते वाचावे, आणि आपली चित्रे जाहिरातीसाठी वापरण्यास संमती द्यावी की नाही ते विचारपूर्वक ठरवावे. अशी संमती देऊन दरात सवलत मागणे हाही काटकसरीचा एक सरळ मार्ग आहे. काम बिघडले आणि समजुतीने मिटले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क पडत नाही.

अल्बमचा शिरस्ताही तपासून पाहण्यासारखा आहे. बारा बाय छत्तीस इंचांची जाड पाने, त्यांवर एकाच वधूच्या पाच प्रतिमा आणि मागे फुलांची नक्षी, असा करिझ्मा अल्बम वजनाने इतका जड होतो की तो उचलून कोणी पाहत नाही. त्याऐवजी ऐंशी-शंभर चित्रे निवडून साध्या पांढऱ्या पानावर एकेक छापावी. खर्च कमी येतो आणि चित्र दिसते. पण छापावी मात्र अवश्य, आणि तीही वर्षाच्या आत. १९८०च्या दशकातल्या लग्नांच्या कॅसेटी अनेक घरांत पडून आहेत आणि त्या लावण्याचे यंत्र कोठे मिळत नाही, तर त्याच लग्नांची कागदावरची चित्रे अजूनही हातात घेऊन पाहता येतात. आजचे एक कच्चे (रॉ) चित्र पंचवीस-तीस मेगाबाइट जागा घेते. दोन हजार चित्रे आणि अखंड फिती यांना दोन वेगळ्या हार्ड डिस्क लागतात, त्यांतली एक माहेरी आणि एक सासरी ठेवावी.

ज्यांना लग्नच लहान करावयाचे आहे, त्यांचा मार्ग याहून सोपा आणि, मला वाटते, अधिक आदरणीय आहे. १८७३ साली याच पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने अल्पखर्चाच्या विवाहाचा पायंडा पाडला, आणि १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन निबंधकासमोर होणारे विवाह आज कितीतरी घरांत होतात. अशा विवाहाला एक चांगला छायाचित्रकार दोन तास पुरतो, आणि पंचवीस माणसांतल्या प्रत्येकाचे नीट चित्र निघते. इतर पद्धतीने लग्न लागले असले तरी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंदणी करताना लग्नविधीचे छायाचित्र मागितले जातेच, तेव्हा हार घालतानाचे एक स्वच्छ चित्र पहिल्या दिवशीच निराळे काढून ठेवावे.

येत्या मोसमात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना माझी एवढीच विनंती की कार्यालयाची तारीख पक्की होईल त्याच आठवड्यात छायाचित्रकाराला ती जागा मुहूर्ताच्या वेळेला नेऊन दाखवावी, मांडववाल्याला पांढऱ्या छताचे सांगावे, आणि माणसांच्या त्या यादीत पहिले नाव घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाचे लिहावे.